पोटाची कॅप्सूल आणि वडिलांचं मुंगीएवढं अक्षर

पत्राचा सारांश: पुण्यात नोकरी करणाऱ्या ४३ वर्षांच्या एका वाचकताईंचं हे पत्र. वडील ७१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या गावी धाकट्या भावाकडे राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अक्षर असं की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं त्यांच्याकडूनच लिहून घेत. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यांचं पोट फुगणं, ढेकर, जेवण न जाणं सुरू झालं. गावातल्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल दिली, गुण आला. पुढे चक्कर यायची म्हणून आणखी एक गोळी लागली. गेल्या वर्षभरात चाल बारीक झाली, चेहऱ्यावर काही उमटेनासं झालं, हात थरथरू लागले, बँकेत सही जुळेना. दुसऱ्या एका डॉक्टरांनी थरथरीसाठी तिसरी गोळी दिली. तेव्हापासून शौचाला साफ होत नाही आणि रात्री-अपरात्री उठून ‘शाळेची घंटा झाली’ म्हणतात. फार्मसी शिकणाऱ्या भाच्याने पाकिटं वाचली. कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलसोबत लेवोसल्पिराइड, चक्करेची प्रोक्लोरपेराझिन, थरथरीची ट्रायहेक्सीफेनिडिल. तो म्हणाला, ‘आजोबांचं हे औषधांमुळे असू शकतं.’ ताई विचारतात: पोटाचं औषध मेंदूत कसं जाईल? मेंदूवर कायमचा परिणाम झाला का? सगळ्या गोळ्या आजच बंद करू का? पंचवीस वर्षं घरच्यासारख्या असलेल्या डॉक्टरांना जाब विचारू, की भाऊ म्हणतो तसं गप्प बसू? आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: ‘चिठ्ठीवर पंधरा दिवस लिहिलं होतं. पुढची पाकिटं पुण्याहून मीच पाठवत राहिले.’

ताई,

तुम्ही शेवटी लिहिलेली ओळ मी आधी घेते, कारण बाकीचं पत्र तिच्याच भाराखाली लिहिलेलं दिसतं. वडिलांना बरं वाटत होतं, दुकानदार पाकीट देत होता आणि लांब राहणाऱ्या लेकीला दर महिन्याला काहीतरी पाठवल्याचं समाधान मिळत होतं. असं लाखो घरांत चालतं. त्यात चूक झाली हे खरं आहे, पण ती मायेपोटी झाली. तुम्ही ती स्वतः होऊन लिहिलीत याचा मोठा उपयोग होणार आहे. ‘पंधरा दिवसांची कॅप्सूल तीन वर्षं चालली’ हे वाक्य तुमच्या वडिलांच्या तपासणीत सगळ्यात मोलाचं ठरेल. ते डॉक्टरांपासून लपवू नका.

आता ‘आजच बंद करू का’ याचं उत्तर. आज रात्री एकदम सगळं कचऱ्यात टाकू नका, पण पुढच्या महिन्यापर्यंत थांबूही नका. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्यांना फोन करून सकाळच्या कॅप्सूलचं काय करायचं ते विचारा. तिन्ही गोळ्या एकाच तराजूत का तोलायच्या नाहीत, ते समजायला या गोळ्या मेंदूत काय करतात ते आधी पाहावं लागेल. जरा लांबण लागेल, पण तुमचा निम्मा राग आणि निम्मी भीती तिथेच सुटेल असं मला वाटतं.

मी अनेक वर्षं मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं. तेव्हा एक प्रयोग असायचा. गिनिपिगच्या आतड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कोमट क्षार-द्रावणात टांगायचा, त्याला दोऱ्याने एक हलकी तरफ जोडायची, आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या ड्रमला टेकवायचं. द्रावणात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन टाकलं की तुकडा आकसायचा आणि काजळीवर पांढरी रेघ सरसर वर चढायची. मग द्रावण धुऊन काढायचं आणि आधी अ‍ॅट्रोपीन हे औषध घालायचं. काहीच घडत नसे, रेघ सपाट. आता पुन्हा तेवढंच अ‍ॅसिटिलकोलीन घातलं तरी रेघ जेमतेम हलायची. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी म्हणायचाच, ‘मॅडम, तुकडा मेला.’ मी सांगायचे, धुवा. परत धुवा. थांबा. दोन-तीनदा धुतल्यावर, लगेच नाही पण हळूहळू, रेघ पुन्हा चढू लागायची. तुकडा जिवंतच होता. त्याच्यापर्यंत निरोप पोहोचत नव्हता, एवढंच.

आपल्या चेतापेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामीन, अ‍ॅसिटिलकोलीन, सेरोटोनिन ही त्या निरोप्यांची नावं. निरोप घेणाऱ्या पेशीवर ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप्या त्या जागी बसला की पेशी कामाला लागते. काही औषधं निरोप्यासारखीच बसून पेशीला कामाला लावतात. काही मात्र नुसतीच बसतात. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. रुमाल प्रवास करत नाही, तिकीट काढत नाही, पण तो आहे तोवर ती सीट दुसऱ्या कोणाची नाही. अ‍ॅट्रोपीन हा असा रुमाल आहे, आणि वडिलांच्या कॅप्सूलमधलं लेवोसल्पिराइडही. ते डोपामीनच्या ‘डी-टू’ नावाच्या जागा अडवतं.

मग पोटाच्या तक्रारीवर ते देतातच कशाला? कारण डोपामीनच्या जागा पोटातही आहेत. जठर-आतड्यांच्या चेतापेशींवर डोपामीन ब्रेकचं काम करतं. त्याची जागा अडवली की ब्रेक सुटतो, अन्न पुढे सरकतं, फुगारा कमी होतो. मळमळीचं एक केंद्र मेंदूच्या बुडाशी आहे, तिथेही याच जागा असतात, म्हणून उलटीवरही ही औषधं चालतात. तुमच्या वडिलांना गुण आला तो खराच होता, कॅप्सूल खोटी नव्हती.

पण गोळीवर पत्ता लिहिलेला नसतो, ती रक्तातून सगळीकडे जाते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक राखणीची भिंत असते आणि बरीच औषधं तिथे अडतात. डॉम्पेरिडोन हे पोटाचं दुसरं औषधही डी-टूच अडवतं, पण ते ही भिंत फारसं ओलांडत नाही. मात्र हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून ते जपून वापरावं लागतं. लेवोसल्पिराइड थोडं थोडं आत जातं, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेची प्रोक्लोरपेराझिन सहज जातात. आत गेल्यावर त्यांना स्ट्रायटम नावाचा भाग लागतो. आपली चाल, हाताचा झोका, चेहऱ्यावरचं हसू, अक्षराचं वळण, हे सगळं जिथून सुरळीत होतं तो हा भाग. तो डोपामीनच्या निरोपावर चालतो.

पार्किन्सन या आजारात डोपामीन तयार करणाऱ्या पेशीच झिजत जातात, म्हणजे निरोपे कमी पडतात. औषधाने होणाऱ्या पार्किन्सनसारख्या त्रासात निरोपे असतात, पण त्यांना बसायला सीट नसते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मानसोपचारातल्या औषधांवर झालेल्या स्कॅनच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की स्ट्रायटममधल्या डी-टू जागांपैकी साधारण ८० टक्के अडल्या की ताठरपणा आणि मंदपणा दिसू लागतो. तरुण माणसाला पोटाच्या औषधाचा तेवढा त्रास सहसा होत नाही. सत्तरीत मात्र डोपामीन मुळातच कमी झालेलं असतं, किडनी औषध सावकाश बाहेर टाकते, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत एकाच सीटवर दोन रुमाल पडले आहेत: सकाळची कॅप्सूल आणि चक्करेची गोळी.

आता तिसरी गोळी पाहा. स्ट्रायटममध्ये डोपामीन आणि अ‍ॅसिटिलकोलीन यांचा एक तोल असतो. डोपामीनचं चालेनासं झालं की अ‍ॅसिटिलकोलीनचं पारडं जड होतं आणि त्यातून थरथर वाढते. ट्रायहेक्सीफेनिडिल हे अ‍ॅसिटिलकोलीनच्या जागा अडवतं, म्हणजे माझ्या प्रयोगातल्या अ‍ॅट्रोपीनचंच काम. थरथर थोडी कमी होते. पण आतड्याच्या त्या तुकड्यावरची रेघ आठवा. शौचाला साफ होत नाही, ते यामुळे असू शकतं. आठवण राहण्यासाठी, भान ठेवण्यासाठीही मेंदूला अ‍ॅसिटिलकोलीन लागतं. म्हाताऱ्या माणसात ते अडवलं की रात्रीचा गोंधळ उडतो, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते. वडिलांची ती शाळेची घंटा बहुधा इथून येते आहे. शिवाय पोट साफ नाही म्हणून फुगतं, आणि फुगतं म्हणून कॅप्सूल चालूच राहते. एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकला जातो, दुसरीचा पहिलीने. प्रत्येक वेळी समोर बसलेल्याने त्या दिवसाच्या तक्रारीवर औषध दिलं. सगळ्या चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

हे ज्ञान नवीन नाही, आणि त्याची एक वाट मुंबईतून जाते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा उपयोग मांडला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते सीट अडवत नाही, चेतापेशींमधली डोपामीनची कोठारंच रिकामी करतं. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन दिलेले, निपचित पडलेले ससे घेतले आणि त्यांना डोपामीनचा कच्चा माल, म्हणजे एल-डोपा, टोचला. ससे उठून चालू लागले. त्या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. पार्किन्सनवर आजही जे मुख्य औषध आहे ते या सशांच्या वाटेने आलं. औषधामुळे थिजलेलं शरीर मोकळं होऊ शकतं, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे.

म्हणून ‘मेंदूवर कायमचा परिणाम झाला का’ या तुमच्या भीतीला माझं उत्तर आशेचं आहे. अडवणारं औषध बंद झाल्यावर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. औषध रक्तातून दोन-चार दिवसांत जातं, पण चाल सुधारायला त्याहून बराच वेळ लागतो. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून खचू नका. सहा महिने धीर धरावा लागेल, काहींना त्याहून जास्त. आणि काहींचा त्रास जात नाही. अशांच्या बाबतीत बऱ्याचदा खरा पार्किन्सन आतून सुरू झालेला असतो आणि औषधाने तो लवकर उघडा पाडलेला असतो.

इथेच, ताई, तुमच्या पत्रातल्या एका गृहीतावर मला थांबायचं आहे. तुम्ही मानून चालला आहात की आधी पोट बिघडलं, मग औषध आलं, मग आजार झाला. कदाचित तसंच असेल. पण बद्धकोष्ठ आणि पोट जड राहणं ही पार्किन्सनची हातपाय थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी येणारी लक्षणंही आहेत. वास न येणं हेही एक. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं हे आणखी एक. आई असताना बाबा झोपेत हात-पाय झाडायचे का? फोडणी करपलेली, अगरबत्ती लावलेली त्यांना कळायची का? थरथर एका हाताला आधी सुरू झाली, की दोन्ही हातांना बरोबर? औषधाच्या त्रासात बहुधा दोन्ही बाजू सारख्या धरतात, पार्किन्सनमध्ये एक बाजू आधी. हा नियम पक्का नाही, पण न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि चेतांच्या डॉक्टरांना, याचा उपयोग होतो. भावाबरोबर बसून ही उत्तरं लिहून काढा. तरीही उलगडा झाला नाही तर मोठ्या शहरांत डोपामीनच्या पेशी शाबूत आहेत का हे दाखवणारा स्कॅन होतो. औषधाच्या त्रासात तो नॉर्मल येतो. महाग असतो आणि प्रत्येकाला लागत नाही. आधी औषध थांबवून वाट पाहणं हीच बहुतेकदा मोठी तपासणी असते.

आता कृती. तिन्ही पाकिटं, शिवाय घरात असलेलं दुसरं काहीही, डोळ्यांचे थेंब, चूर्णं, शेजाऱ्याने दिलेली गोळी, सगळं एका पिशवीत भरा आणि पिशवीच न्यूरॉलॉजिस्टसमोर रिकामी करा. प्रत्येक औषध कधी सुरू झालं आणि पहिल्यांदा चाल कधी बदलली, या तारखा एका कागदावर असू द्या. साताऱ्यात सोय होत नसेल तर पुण्याला आणा, पण आणा.

लेवोसल्पिराइड आणि प्रोक्लोरपेराझिन डॉक्टर बहुधा लवकर थांबवतील. थरथरीची गोळी मात्र एकदम तोडायची नसते, ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. रॅबेप्रॅझोलचा या सगळ्यात काही दोष नाही. अ‍ॅसिडिटी असेल तर ते एकटं देता येतं, नसेल तर तेही सोडता येतं. मळमळ, भूक नसणं हे सुरुवातीला थोडं उलटून येऊ शकतं. तेव्हा घाबरून जुनं पाकीट उघडू नका, फोन करा. चक्कर नेमकी कशाची होती तेही एकदा पाहून घ्या. रक्तदाब उभं राहून मोजला होता का, कान तपासला होता का? ‘चक्कर’ या एका शब्दाखाली फार निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांना रोजची गोळी लागतच नाही.

गिळताना ठसका लागू लागला, वारंवार पडू लागले, लघवी अडली, किंवा ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ओठ, जीभ, जबडा काही चघळत असल्यासारखा हलत असेल तर तेही मुद्दाम सांगा. सीट फार दिवस अडून राहिल्या की मेंदू त्याला जुळवून घेतो, त्या जागा जास्त हळव्या होतात आणि मग हालचाली कमी होण्याऐवजी नको तिथे वाढतात. हा त्रास मात्र औषध थांबवल्यावरही रेंगाळू शकतो. म्हणून ही औषधं किती दिवस, हे ठरवूनच द्यायची असतात. मेटोक्लोप्रामाइडबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली १२ आठवड्यांहून जास्त देऊ नका अशी ठळक सूचना घातली. युरोपने २०१३ साली ती मुदत ५ दिवसांवर आणली.

कोणीतरी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सुचवेल, सुचवलंही असेल. त्या बियांत एल-डोपा खरोखर असतं. पण सीटवर रुमाल असताना आणखी प्रवासी पाठवून काय होणार? त्याने मळमळ वाढेल आणि निदानाचा घोळ होईल. सध्या नको.

या पत्रासारखी घरं आणखी असतील, म्हणून तुमच्या निमित्ताने इतरांनाही सांगते. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालचं रासायनिक नाव वाचा. घरातल्या वयस्क माणसाला लेवोसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, किंवा ‘टेन्शन’साठी फ्लुपेंटिक्सॉल असलेली गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘ही कधीपर्यंत घ्यायची?’ बायकांमध्ये यांतल्या काहींनी पाळी चुकते, दूध नसताना स्तनातून स्राव येतो, तेही विनाकारण तपासण्यांचा खर्च होण्याआधी लक्षात घ्या. मात्र कोणाला मानसिक आजारासाठी डी-टू अडवणारं औषध चालू असेल तर हे वाचून ते स्वतःहून बंद करू नका. तिथे त्या जागा अडवणं हाच उपचार असतो, आणि त्या औषधांनी माणसं संसाराला परत लागलेली मी पाहिली आहेत.

राहिले गावातले डॉक्टर. भाऊ म्हणतो गप्प बसू, तुम्ही म्हणता जाब विचारू. मला दोन्ही पटत नाही. त्यांनी पंधरा दिवस लिहिलं होतं, ते बरोबर होतं. पुढे चक्करेची गोळी देताना ‘आधीचं काय चालू आहे’ हे विचारलं गेलं का, ते तुम्हाला आणि मला माहीत नाही. विचारलं असतं तरी, कॅप्सूल पुण्याहून येते हे त्यांना कोणी सांगितलं असतं? म्हणून जा, पिशवी घेऊन जा, आणि जे झालं ते आपल्या वाट्यासकट सांगा. ‘डॉक्टर, तुम्ही पंधरा दिवस दिली होती, आम्ही तीन वर्षं चालवली. आता बाबांचं असं झालंय. असं आणखी कोणाचं होत असेल का आपल्या गावात?’ पंचवीस वर्षांचं नातं एवढं ऐकून घेण्याइतकं मजबूत असायला हवं. त्यांच्या कपाटात त्याच कॅप्सूलवर असलेल्या आणखी चार-पाच म्हाताऱ्यांचे कागद असतील, आणि ते काढून पाहणं फक्त त्यांनाच जमणार आहे.

आणि रागाला एक कामाची जागा हवी असेल तर तीही आहे. औषधाच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद ठेवणारी भारतीय औषध दक्षता योजना गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडून चालते. तिचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. मेडिकल कॉलेजांतही तिची केंद्रं आहेत. नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. त्यात कोणावर आरोप नसतो, नुसतं काय झालं ते असतं. भाच्याला सोबत घ्या, पाकीट वाचायची बुद्धी त्याला झाली, फॉर्मही त्यालाच भरू द्या.

शेवटी बाबांच्या अक्षराविषयी. एक दोनशे पानी वही आणा, एकेरी रेघांची. दर रविवारी सकाळी, एकाच वेळी, त्यांच्याकडून तेच एक वाक्य लिहून घ्या, खाली तारीख आणि सही. वाक्य त्यांनाच निवडू द्या. फळ्यावर हजारदा लिहिलेलं एखादं असेलच. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत जातं का, ते न्यूरॉलॉजिस्ट बघतील. पुढचे सहा महिने तुम्हालाही पुण्याहून फोनवर ‘आज कसे आहेत’ विचारण्यापेक्षा त्या पानाचा फोटो जास्त सांगेल. औषध बदलण्याआधीचं एक पान जवळ हवं, तेव्हा पुढच्या रविवारची वाट पाहू नका. भावाला आजच फोन करा आणि पहिली ओळ आजच लिहून घ्यायला सांगा.